स्वप्नांची रोजकीर्द: साडेसहाशेची डायरी आणि एकशेऐंशीची वही

अण्णा, म्हणजे माझे वडील, मागच्या ज्येष्ठात गेले. तेव्हापासून आमच्या घरात सकाळच्या चहाआधी एक प्रश्न ठरलेला होता. आई विचारायची, "आले होते का गं तुझ्या स्वप्नात?" पुण्याच्या धाकट्या बहिणीला ते तीनदा दिसले. एकदा तर तिच्या स्वयंपाकघरात येऊन त्यांनी शेंगाचटणी मागून घेतली. शेजारच्या अक्कांनाही दिसले. मला नाही. हिशोब त्यांच्याकडून शिकले ती मी, शेवटचं वर्षभर त्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळल्या त्या मी, आणि चार महिने उलटले तरी मलाच दिसत नाहीत, हे मला फार लागलं होतं.

बहीणच म्हणाली, "ताई, स्वप्नं सगळ्यांना पडतात, तुला आठवत नसतील. उशाशी वही ठेव आणि उठल्या उठल्या लिही." म्हणून मी एक छापील स्वप्न-डायरी ऑनलाइन मागवली आणि एक नोव्हेंबरपासून लिहायला लागले. दोन महिने त्या डायरीत लिहिलं, आणि जानेवारीपासून मेअखेरपर्यंत पाच महिने इथं सोलापुरातल्या मंगळवार पेठेतल्या एका बाइंडरनं बांधून दिलेल्या साध्या वहीत. दोन्हींबद्दल लिहितेय, कारण स्वप्नं लिहून ठेवावीत असं ज्याच्या मनात असेल त्यानं पैसे कशाला घालावेत हे मला आता नीट सांगता येतं.

आधी डायरी. किंमत ६४९ रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नंतर आणखी दोन-तीन कंपन्यांच्या हातात घेऊन पाहिल्या आणि साचा सगळ्यांचा एकच निघाला. निळं जाड कव्हर, त्यावर सोनेरी चंद्रकोर, खूण ठेवायला रेशमी फीत. प्रत्येक रात्रीला एक पान. वर तारीख आणि झोपेचे तास. मग झोप कशी लागली त्याच्या पाच चांदण्या रंगवायच्या. त्याखाली चौकोन: स्वप्न रंगीत की काळंपांढरं, माणसं ओळखीची की अनोळखी, भीती, आनंद, राग, दुःख यांतलं काय होतं. मग 'प्रतीक' म्हणून एक ओळ, 'अर्थ' म्हणून तीन ओळी. प्रत्यक्ष स्वप्न लिहायला किती जागा? मी मोजल्या, नऊ ओळी. शेवटी बारा पानांचा स्वप्नकोश, त्यात दात पडणे, साप, पाणी, परीक्षा, उंचावरून पडणे आणि प्रत्येकापुढे त्याचा अर्थ. सगळं इंग्रजीत.

दोन गोष्टी तिच्याकडून मी घेतल्या आणि अजून पाळते. एक म्हणजे पहिल्या पानावरची सूचना: डोळे उघडल्यावर हलू नका, ज्या कुशीवर जाग आली त्याच कुशीवर पडून राहा, शेवटचं काय दिसत होतं ते धरा आणि तिथून मागं मागं जा. ही सूचना अगदी खरी आहे. कूस बदलली की माझं निम्मं स्वप्न जातं. दुसरी म्हणजे प्रत्येक स्वप्नाला नाव द्यायची जागा. नाव दिलं की सहा महिन्यांनी पान उलटताना स्वप्न पुन्हा उभं राहतं. 'कुर्डुवाडीला चुकलेली गाडी', 'ओल्या पावत्या', 'काकूच्या घरातला उंट'. एवढ्यासाठी त्या डायरीचे मी आभार मानते.

पण तिनं माझं नुकसानही केलं.

जाग आल्यावर स्वप्न हातात राहतं ते फार तर दोन-चार मिनिटं. १९५३ साली शिकागोत युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतला एक टप्पा नोंदवला. त्यात झोपलेल्या माणसाच्या पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरत असतात. त्याला रेम झोप म्हणतात. हा टप्पा साधारण दर दीड तासानं येतो. रात्रीच्या सुरुवातीला काही मिनिटांचा असतो आणि पहाटेकडे अर्ध्या तासापर्यंत लांबतो. ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक तेव्हाची. मेंदू जागेपणी ज्या नॉरॲड्रेनलिन नावाच्या रसायनावर चालतो ते त्या वेळी अगदी तळाला गेलेलं असतं, त्यामुळे पाहिलेलं पक्कं साठत नाही आणि जाग येताच विरायला लागतं. आपल्याकडे पहाटेच्या स्वप्नाला जो मान आहे त्याचं एक कारण मला इथं दिसतं. ते लांब असतं आणि त्यातूनच थेट जाग येते, म्हणून तेच हाताला लागतं.

अशा वेळी मी काय करत होते, तर चांदण्या रंगवत होते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातलं एक स्वप्न मला अजून बोचतं. मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्यांची थप्पी, पलीकडे कुणीतरी मोठ्यानं आकडे वाचतंय, आणि मी थप्पीला वळसा घालून तिकडं निघालेय. एवढं लिहिलं आणि चौकोनांकडे आले. भीती की आनंद? दोन्ही नव्हतं, पण काहीतरी टिक करायचं होतं. मी विचारात पडले आणि थप्पीच्या पलीकडे कोण होतं ते गेलं. कायमचं गेलं. अण्णांनी मार्केट यार्डातल्या कांद्याच्या अडतीवर एकतीस वर्षं दिवाणजी म्हणून काढली. पलीकडे कोण असेल हे तुम्हीही ओळखाल. पण वहीत अंदाज लिहून चालत नाही.

आणि तो कोश. पाणी म्हणजे दाबून ठेवलेल्या भावना, असं त्यात लिहिलंय. डिसेंबरात एका रात्री दाराच्या फटीतून घरात पाणी शिरताना दिसलं. मी कोश उघडला, 'अर्थ'च्या तीन ओळींत मन भरून आल्याचं लिहिलं, आणि दिवसभर मला भरूनच येत राहिलं. कारखान्यात टॅलीत नोंदी करताना डोळ्यांपुढचे आकडे पुसट झाले. त्या रात्री खरं काय झालं होतं? पहाटे पावणेचारला नळाला पाणी आलं होतं.

सोलापूरकराला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे चार-पाच दिवसांआड पाणी, तेही कुठल्या वेळेला येईल ते ठरलेलं नाही. पाण्याचा दिवस असला की घरातलं एक माणूस कान उघडे ठेवूनच झोपतं. आमच्या घरात ते माणूस मी. दाजी पेठेतल्या आमच्या बोळात सगळ्यात आधी जाग येते ती शेजारच्या अक्कांना. त्या विड्या वळतात, पहाटेच सूप मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेल्या असतात. नळ सुस्कारला की त्यांची तेलुगूतली हाक बोळभर जाते, "नीळ्ळु वच्चिनै!" पाणी आलं. ही हाक माझ्या पाच स्वप्नांत जशीच्या तशी आहे. कोश तयार करणाऱ्याला पाण्याचा हा अर्थ कुठून माहीत असणार?

मनोविश्लेषक फ्रॉइडचं स्वप्नांवरचं पुस्तक १८९९ च्या नोव्हेंबरात बाहेर आलं, प्रकाशकानं त्यावर साल मात्र १९०० छापलं. त्याच्या बऱ्याच मतांवर पुढं टीका झाली, पण एका गोष्टीत तो ठाम होता. वस्तूपुढे अर्थ लिहून ठेवलेल्या कोशांवर त्याचा भरवसा नव्हता. एकाच गोष्टीचा अर्थ दोन माणसांत वेगळा असू शकतो, म्हणून स्वप्नाचा एकेक तुकडा घेऊन त्यावरून तुला काय आठवतं, हे तो स्वप्न पाहणाऱ्यालाच विचारायचा. सव्वाशे वर्षांनंतर सहाशे एकोणपन्नास रुपयांच्या डायरीत पुन्हा तोच कोश छापून यावा याचं मला वाईट वाटतं.

कागदाबद्दलही सांगते. पान गुळगुळीत आहे, पेन्सिल उमटत नाही. शिवण नाही, नुसत्या गोंदावर पानं चिकटवलेली, त्यामुळे उघडी ठेवली की आपोआप मिटते. झोपेत एका हातानं धरून दुसऱ्यानं लिहिणं जमत नाही. आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर गेल्यावर कपाटात नुसत्या ठेवलेल्या डायरीचा गोंद सुटला, नोव्हेंबरची सात पानं हातात आली. एकसष्ट रात्रींत मी तिच्यात तेवीस स्वप्नं लिहिली. त्यातली निम्मी आता वाचली तर कुणाचीही वाटतील अशी आहेत. 'अनोळखी जागा, भीती, मध्यम झोप.'

आता वही.

डिसेंबरच्या शेवटी मंगळवार पेठेत गेले होते. तिथं एका बोळात बाइंडिंगचं दुकान आहे, पाटी नाही, दारात रद्दीचे गठ्ठे आणि आत लोखंडी दाबयंत्र. अण्णा अडतीच्या वह्या दर दिवाळीला तिथूनच आणायचे. लहानपणी मी त्यांच्या सायकलच्या दांड्यावर बसून यायची, तो खळीचा वास नाकात बसलेला आहे. आता मुलगा दुकान बघतो, वडील कोपऱ्यात बसून फर्मे शिवतात. मी म्हटलं, "काका, उशाशी ठेवायला वही पाहिजे. सपाट उघडली पाहिजे." त्यांनी मान वर केली. "दिवाणजींची लेक ना? समास तसाच ठेवू का, तीन बोटांचा?"

हो म्हटलं. त्या समासाचा पुढं किती उपयोग होणार आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी वही मिळाली. दोनशे पानं, लेजर पेपर, दोऱ्यानं शिवलेली, पाठीला लाल कापड, वर जाड पुठ्ठा. खळीत मोरचूद घातलंय म्हणजे कसर लागणार नाही, असं काकांनी सांगितलं. १८० रुपये. कुठल्याही पानावर उघडा, दोन्ही बाजू चटईसारख्या पडून राहतात. आडव्या रेघा आणि डाव्या हाताला तीन बोटं मोकळी जागा. छापलेलं एक अक्षर नाही.

लिहायला पेन्सिल. उताणं पडून बॉलपेननं लिहायला गेलं की शाई खाली उतरत नाही आणि चार शब्दांत पेन कोरडं चालतं. पेन्सिलीला ते नाही. मी एक जाड शिशाची पेन्सिल दोऱ्यानं वहीच्या पाठीलाच बांधली आहे. दिवा शून्य बल्बचा, लाल. मोबाइलमध्ये बोलून ठेवायचाही प्रयत्न मी आठवडाभर केला. मोबाइल हातात घेतला की त्यावर आधी आलेले मेसेज दिसतात, आणि नात्यातल्या कुणाच्या तरी सुप्रभातामागं स्वप्न निघून जातं. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

अक्षराकडे मात्र लक्ष हवं. ओटो लोवी नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. नसा रसायनांमार्फत निरोप देतात हे दाखवणारा बेडकाच्या हृदयावरचा प्रयोग आपल्याला स्वप्नात सुचला, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. पहिल्या रात्री उठून त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि सकाळी ते त्यांना स्वतःलाच वाचता येईना. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तेच पुन्हा आलं, तेव्हा ते लिहीत बसले नाहीत, उठून थेट प्रयोगशाळेत गेले. १९३६ चं नोबेल त्यांना त्या कामासाठी हेन्री डेल यांच्याबरोबर मिळालं. आपल्याला दुसरी रात्र मिळेलच असं नाही. म्हणून मी सकाळी चहा झाल्यावर, वाचता येतंय तोवर, पेन्सिलीच्या खाली पेननं एकदा उतरवून काढते. पाच मिनिटांचं काम.

काय लिहायचं, याचा मला सापडलेला सगळ्यात चांगला नमुना तुकोबांचा. स्वप्नात गुरूपदेश झाला तो प्रसंग त्यांनी अभंगात सांगितलाय. गंगास्नानाला जाताना वाटेत भेट झाली, मस्तकावर हात ठेवला, बाबाजी असं नाव सांगितलं, रामकृष्णहरी हा मंत्र दिला, माघ शुद्ध दशमी, वार गुरुवार. म्हणजे तिथी-वारासकट नोंद. आणि मध्येच हे: जेवणासाठी पावशेर तूप मागितलं, पण स्वप्नात त्याचा विसर पडला. आयुष्य बदलून टाकणारा प्रसंग सांगतानाही त्यांनी ते पावशेर तूप गाळलं नाही. ज्यानं खरंच स्वप्न पाहिलंय त्यालाच असं आठवतं. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी तेवढंच लिहिलंय: 'आधी पावशेर तूप.' ज्याचा काही उपयोग दिसत नाही ते आधी लिहायचं. दाराची कडी, कुणाच्या हातातली पिशवी, मागून येणारा आवाज, भिंतीचा रंग. मुख्य गोष्ट सहसा विसरत नाही, तिला थांबता येतं.

भाषेचंही तसंच. इंग्रजी डायरीत लिहिताना मी नकळत भाषांतर करत होते आणि स्वप्नातलं बोलणं मरून जात होतं. आपल्या गावात एका बोळात तीन-चार भाषा नांदतात. अक्का स्वप्नाला कल म्हणतात, माझी आजी कन्नडमधून कनसु म्हणायची. स्वप्नातला माणूस ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत, कानाला जसं आलं तसं लिहा. एकदा अक्कांनी मला खिडकीत लिहिताना पाहिलं. "काय लिहायलीस गं एवढ्या सकाळी? कारखान्याचा हिशोब?" मी सांगितलं. त्या हातातली विडी न थांबवता म्हणाल्या, "माझी पण एक कल लिही. हजार विड्या पुऱ्याच होईनात. बोटं चालल्यात, चालल्यात, आन नऊशेच्या पुढं जाईना." मी त्यांच्या नावानं ते एका पानावर लिहून ठेवलंय. माझं ताळेबंद न जुळण्याचं स्वप्न आणि त्यांचं हे, दोन्ही शेजारी शेजारी आहेत.

आणि आता मी जी पद्धत वापरते ती. ती मी शोधलेली नाही, अण्णांची आहे. अडतीवर दिवसभराचे व्यवहार झाले तसे रोजकीर्दीत उतरायचे. त्या वेळी अर्थ लावायचा नाही, नफा-तोटा बघायचा नाही. मग महिनाअखेरीला एकेक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत न्यायची आणि समासात 'खा. पा.' म्हणून खात्याचं पान टाकायचं. कुणाकडे किती येणं, कुणाचं किती देणं हे खतावणीत दिसतं, रोजकीर्दीत कधीच दिसत नाही. वहीची पुढची दीडशे पानं माझी रोजकीर्द, मागची पन्नास खतावणी. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी बसते आणि खाती लावते. पाणी. गाडी चुकणे. हिशोब न जुळणे. लहानपणीचं घर. एका स्वप्नातून दोन-तीन खात्यांवरही नोंद जाते.

दीडशेवर दिवसांत सत्त्याण्णव स्वप्नं लिहून झाली. जानेवारी बावीस, फेब्रुवारी तेवीस, मार्च चोवीस, मग एप्रिलमध्ये सोळा आणि मेमध्ये बारा. उन्हाळ्यात घटली त्याचं मला आश्चर्य नाही. रेम झोपेत शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणा ढिली पडते, म्हणून तापलेल्या रात्री तीच झोप आधी तुटते. आम्ही मे महिनाभर वर झोपत होतो. घराचं माळवद पाडून स्लॅब टाकला त्याला वीस वर्षं झाली, आई अजून माळवदच म्हणते. पाण्याच्या खात्यावर सव्वीस नोंदी आल्या. तारखा कॅलेंडरवरच्या खुणांशी ताडून पाहिल्या, त्यातल्या एकोणीस पाण्याच्या रात्रीच्या. उरलेल्या सातांकडे मी आता वेगळ्या नजरेनं बघते. कोश सव्वीसच्या सव्वीस एका ओळीत संपवून मोकळा झाला असता.

हिराचंद नेमचंद वाचनालयात एका शनिवारी चरकसंहिता चाळायला बसले होते. तिच्यातल्या इंद्रियस्थान या भागात स्वप्नांचे सात प्रकार दिलेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढं होणाऱ्याची सूचना देणारं आणि वात-पित्त-कफ या दोषांमुळे पडणारं. त्यातले पहिले पाच निष्फळ समजावेत, दिवसा पडलेलं, फार छोटं, फार लांब स्वप्नही तसंच, असं वैद्याला सांगितलंय. एवढ्या जुन्या काळी कुणीतरी आधी गाळणी लावून ठेवली होती. माझी सत्त्याण्णव मी या सात खात्यांवर लावून पाहिली. पंच्याऐंशीवर पहिल्या तिनांतच गेली. हे कळल्यावर मला एकदम हलकं वाटलं. साप दिसला म्हणून आठ दिवस जीव टांगणीला लावणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, माझी आई त्यांत आहे. तिला मी हे पान वाचून दाखवलं.

वाईट स्वप्नाबद्दल वेगळं लिहिते, कारण यात वही औषधासारखी कामी आली. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक स्वप्न सहा वेळा आलं. जुन्या घराच्या अंगणातला हौद, काठावर वाकलेलं लहान मूल, आणि माझ्या तोंडून आवाज निघत नाही. छातीत धडधड घेऊन उठायची. अशा स्वप्नांसाठी डॉक्टर एक उपाय वापरतात, त्याला इमेजरी रिहर्सल म्हणतात. दिवसा, पूर्ण जागेपणी, तेच स्वप्न शेवट बदलून लिहायचं आणि रोज दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून तो नवा शेवट मनात चालवायचा. मी हौदावर फळ्यांचं झाकण घातलं. फळ्या सागाच्या, मधल्या फळीला लोखंडी कडी, असं बारीक लिहिलं. पंधरा दिवसांनी स्वप्न आलं तेव्हा झाकण होतं. त्यानंतर ते आलेलं नाही. अपघात, मारहाण किंवा त्याहून वाईट काही सोसलेलं असेल आणि तेच रात्री परत येत असेल तर मात्र वहीवर विसंबू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. हा उपाय ते नीट सोबत राहून करून घेतात. आणि घरातलं कुणी झोपेत स्वप्नाबरहुकूम हात-पाय झाडत असेल, ओरडून उठत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. रेम झोपेत स्नायू सैल पडून शरीर जागच्या जागी राहायला हवं. ते राहत नसेल तर तपासणी हवीच.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी खतावणी लावताना मला सायकल सापडली.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत पडलेलं एक स्वप्न होतं, मिरवणुकीतले सातही नंदीध्वज मार्केट यार्डातून निघालेत आणि मी कुठल्यातरी पावतीवर सही मागतेय. त्याच्या शेवटी पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'बाहेर सायकल स्टँडवर चढवल्याचा आवाज.' मी नंदीध्वज वेगळ्या खात्यावर लावले आणि पुढं गेले. मग कुर्डुवाडीच्या गाडीच्या स्वप्नात तेच वाक्य. ताळेबंदात अकरा रुपये जुळत नव्हते त्या स्वप्नात तेच. मी सगळी वही परत पहिल्यापासून चाळली. आठ स्वप्नांत होतं, चार महिन्यांत, वेगवेगळ्या खात्यांवर. प्रत्येक वेळी मी ते पावशेर तूप म्हणून लिहिलं होतं आणि विसरून गेले होते.

अण्णा रात्री साडेआठला यार्डातून यायचे. ओट्याच्या भिंतीशी सायकल मागं ओढून स्टँडवर चढवायचे, खटाक्. त्या आवाजावर आई तवा ठेवायची आणि मी पुस्तक मिटायची. सायकल आम्ही श्रावणात यार्डातल्या एका हमालाला दिली.

मी खतावणीत नवं खातं उघडलं. 'सायकल.' आठ नोंदी, समासात तारखा. माणूस दिसला असं मी म्हणत नाही, लिहिलेलं आहे तेवढंच म्हणते. संध्याकाळी आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "आवाज एकच आला का गं दोन? त्यांचं स्टँड पहिल्या झटक्यात लागायचं नाही." मी वही पाहिली. एका नोंदीत 'दोनदा' लिहिलेलं होतं. आता ती सकाळी विचारते, "वाजली का गं सायकल?"

वहीत काय कमी आहे तेही सांगते. खुणेची फीत नाही. मी चादरीच्या कारखान्यातून आणलेला रंगीत दोरा घातलाय. फुलस्केप आकार असल्यानं जड आहे, पहिल्या महिन्यात मनगट दुखलं. उघड्यावर असते, कुलूप नाही, तेव्हा घरात कुणी वाचू नये असं वाटत असेल तर आधी तशी सोय करा. काका वही लगेच देत नाहीत, चार दिवस धरून चला, आणि दिवाळीच्या आधी तीन आठवडे तर जाऊच नका, तेव्हा अडतीच्या वह्यांचा ढीग असतो. ज्यांना शाळेसारखे चौकोन असले की लिहायला सोपं जातं, त्यांनी महिनाभरासाठी छापील डायरी जरूर घ्यावी. फक्त 'अर्थ'चा रकाना रिकामा सोडावा आणि शेवटची बारा पानं टाचून टाकावीत.

परवा दुसरी वही सांगून आले. यावेळी अर्ध्या आकाराची, अडीचशे पानांची, समास तीन बोटंच. काकांनी शिवता शिवता विचारलं, "पुठ्ठ्यावर नाव काय घालू? अडतीचं घालायचो, दिवाणजींचं तसं." मी म्हटलं, नुसतं साल घाला. कागद महागलाय म्हणून दोनशे रुपये सांगितलेत, गुरुवारी मिळेल.